मोरपिशी लोखंड

पुणे, ७ जानेवारी

मावशी,

आधी एक बातमी, आणि ओरडू नकोस. माझा डावा पाय प्लास्टरमध्ये आहे. आमच्या कलादालनाच्या जिन्यावरून घसरले. हाड नीट बसलंय, पण प्लास्टर निघेपर्यंत गावोगाव हिंडणं बंद. तुला किती फोन केले! तू उचलतच नाहीस. मेसेज बघतही नाहीस. शेवटी कागद घेऊन बसले.

अडचण अशी आहे. फेब्रुवारीअखेर दालनात प्रदर्शन आहे आणि विषय मीच हट्टाने मांडलाय : आपल्या रायगडात लोक आज, आत्ता, हाताने नवीन काय घडवतायत. वाडवडिलांचं चालत आलेलं नव्हे, स्वतःच्या डोक्यातलं. पेणच्या आसपासची तीन नावं हाती लागलीत. कमळाकर म्हणून एक जण गणपतीच्या कारखान्यात आहे, तो घरी मातीचं काही वेगळंच करतो. धरमतरच्या खाडीकडे प्रतिक्षा नावाची मुलगी मिठात काम करते. आणि डोलवीजवळ धनेश, पोलादाच्या कंपनीत कंत्राटी वेल्डर, तो लोखंडात 'काहीतरी' करतो. काहीतरी म्हणजे काय, ते सांगणाऱ्यालाही धड माहीत नव्हतं. मी स्वतः जाऊन बघणार होते, तर हे असं झालं.

तू जाशील? रोह्याहून पेण काही लांब नाही. फोटो नकोत, फोटो काय कोणीही पाठवेल. मला तुझ्या हातची चित्रं हवीत आणि तुझा शेरा. शाळेत मुलांच्या चित्रांवर द्यायचीस तसा, दयामाया न दाखवता.

अजून एक. ध्रुवदादाशी बोलणं झालं. तू फोन घेत नाहीस म्हणून तो पार हादरलाय. पाडव्याच्या आधी येऊन घर बंद करतो आणि आईला कायमची बंगळूरला आणतो, असं म्हणत होता. त्याला एकदा फोन कर ना बाई.

तुझी लंगडी भाची,
तनया


रोहा, १४ जानेवारी

तनयाबाई,

जिन्यावरून घसरलीस म्हणजे मोबाईलमध्ये डोकं खुपसून उतरत होतीस, दुसरं काय! हळदीचं दूध घे आणि पाय उशीवर ठेव.

फोनचं म्हणशील तर ते यंत्र मला मुळीच आवडत नाही. समोरचं माणूस दिसत नाही, त्याच्याशी काय बोलायचं? ध्रुवला सांग, तुझ्या आईचे गुडघे धड आहेत, डोळे धड आहेत, दात सगळे तिचे स्वतःचे आहेत. आणि हेही सांग, की ती रोहा सोडणार नाही. तुझे बाळकाका गेल्यापासून हे घर मी एकटीने चालवलंय. इथे मासेवाली मला लांबून बघून ओले बोंबील बाजूला काढते. नदीकाठी फिरायला गेले की निम्मं गाव माझे विद्यार्थी, हात वर करतात. बंगळूरच्या चौदाव्या मजल्यावर मी कोणाची कोण? काचेतून ढग बघत बसू? ध्रुव चांगला आहे गं, पण माझ्यात काही बिघाड निघाला की कुलूप लावायला तो टपलेलाच आहे. ते निमित्त मी त्याला देणार नाही. तेव्हा तूही त्याच्याजवळ माझी काळजी-बिळजी करू नकोस.

आता तुझं काम. कमळाकरकडे जाऊन आले. माणूस भल्याथोरल्या मिशांआडून बोलतो, निम्मं समजतच नाही. पण फळीवरचं फडकं बाजूला केलंन आणि काही समजून घ्यायची गरजच उरली नाही. कारखान्यात मूर्तींचे हात जोडायचं काम त्याच्याकडे. दिवसभर देवाचे हात, म्हणून घरी येऊन माणसांचे हात करतो! शाडूच्या मातीचे, मनगटापर्यंतच. कोळंबी सोलणारे. गिऱ्हाईकाचा गाल ताणून धरणारा न्हाव्याचा अंगठा. एसटीच्या ड्रायव्हरचा, गिअरवर जरा टेकलेला. एक हात बघून मी म्हटलं, ही बाई रागावलेली आहे. तर त्याची बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली, हात तिचाच होता. अगं तनया, नुसत्या पालथ्या हातावरून राग दिसतो! मी तिथे चटईवर बसकण मारली आणि काढत बसले ती बसलेच. परतीची गाडी चुकली. चित्रं सोबत आहेत, घडी पडली असेल तर पोस्टाला शिव्या दे.

शेरा : घे. डोळे मिटून घे.

श्यामलामावशी


पुणे, २१ जानेवारी

मावशी गं,

पाकीट फोडलं आणि मी प्लास्टरसकट उभी राहिले! तो न्हाव्याचा अंगठा! आमच्या संचालक बाई कधी कशाला चांगलं म्हणत नाहीत. त्यांनी चित्रं हातात घेतली, मग स्वतःच्याच हाताकडे बघत बसल्या. कमळाकर नक्की झाला. आणि ठरलं असं, की भिंतीवर प्रत्येक कलाकृतीशेजारी तुझा मजकूर लावायचा, तुझ्याच शब्दांत.

दादाला सांगितलं, मावशी ठणठणीत आहे, एकटी पेणला जाऊन आली. तर म्हणतो, मग फोन का नाही घेत? मी म्हटलं, तू दिवाळीला आला नाहीस म्हणून रुसली असेल. खरं आहे ना? मावशी, रुसवा सोड आता.

बाकीच्या दोघांकडे कधी जातेस? मला इथे दम निघत नाही.

तनया


रोहा, ३ फेब्रुवारी

तनया,

रुसले आहे, असंच समज.

आधी प्रतिक्षा. खाडीच्या बांधावरून चालत गेले. दोन्हीकडे मिठागराचे उथळ वाफे, पाणी पांढरट आणि डोळे दिपवणारं. मुलगी पंचविशीच्या आतली, बाप मीठ ओढतो, आई पुतळीही तिथेच कामाला. मी विचारलं, काय करतेस गं तू मिठात? तिने हात धरून मला झोपडीमागे नेलं.

तिथे एक बाई उभी होती. पांढरीशुभ्र, जराशी पुढे वाकलेली. मी नमस्कारच करणार होते. जवळ गेले तर आत कोणीच नाही! नुसतं लुगडं उभं! बांबूच्या सांगाड्यावर नेसवून ते दाट खाऱ्या पाण्यात ठेवायचं, पाणी आटत जातं, धाग्याधाग्यावर मिठाचे खडे धरतात, मग सांगाडा हळूच काढून घ्यायचा. लुगडं आपल्या पायांवर उभं राहतं. निऱ्या, ओचा, कमरेला खोचलेला पदर, सगळं जिथल्या तिथे आणि नेसणारी गायब. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पुतळी मात्र कमरेवर हात ठेवून म्हणते, "माजं चांगलं लुगडं व्हतं गो बाई, पोरीनं त्याचं लोनचं घातलंन!" आणि जरा वेळाने स्वतःच त्याच्याशेजारी तशीच वाकून उभी राहिली. तिची मिठाची जुळी बहीण! हसू का रडू, कळेना मला.

पुण्याला नेताना भाताच्या तुसात बसवून न्या. दमट दिवस लागले की ते पाणी सोडून बसेल, प्रतिक्षा त्याला तयार आहे. "पावसात खाडीला परत जाईल ना," म्हणाली.

आता धनेश. डोलवीला रिक्षा घेऊन गेले. शिफ्टवरून नुकताच आलेला. गडी तोऱ्यात असतो, बोलतो पुष्कळ, पण वेल्डिंगचा मुखवटा तोंडावरून काढत नाही, त्यामुळे माझ्या पदरात काही पडलं नाही. मी आपली मान हलवत होते. घरामागे पत्र्याची शेड, तिथे भंगारातले जाड पत्रे दोऱ्यांना टांगून ठेवलेत. कापलेले, वाकवलेले, एकमेकांना जोडलेले. दर पत्रा तो रबरी हातोड्याने ठोकून तपासतो, मान वाकवून जरा थांबतो, मग पुढचा. कामाला पक्का असणार. शेजारपाजारचे येऊन डोळे मिटून बसले होते, दमलेली माणसं. कोंबड्या मात्र एकदम का सैरावैरा पळाल्या, कोण जाणे.

पण पोरी, त्या लोखंडावरचे रंग! जिथे जोड दिलाय तिथे आच लागून आधी गव्हाळ पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, आणि कडेला मोरपिशी निळा. एकातून दुसरा कधी होतो ते सापडतच नाही. रंगाची एक डबी नाही, ब्रश नाही, सगळं विस्तवानेच केलेलं. लोखंड म्हटलं की आपण काळं म्हणून मोकळे होतो! मी रंगीत पेन्सिली झिजवल्या, तरी तो निळा काही आला नाही. आयुष्यभर रंगांत वावरले, पण असा निळा मी पाहिलेला नाही.

एक सूचना. दोऱ्यांवर ते पत्रे डुलतात, रंग नीट बघता येत नाहीत. भिंतीला चांगले घट्ट बसवून घे.

शेरा : दोघांनाही घे. तू काय शोधून काढलंयस ते तुलाही ठाऊक नाही.

मावशी


पुणे, २५ फेब्रुवारी

मावशी,

पाय सुटला. प्रदर्शन काल उघडलं. पण त्याच्या आदल्या दिवशी जे झालं ते आधी सांगते.

धनेशचे पत्रे तू सांगितलंस तसे भिंतीला पक्के बसवले होते. खाली पाटी, 'स्पर्श करू नये.' शेजारी तुझा मजकूर. संध्याकाळी धनेश स्वतः आला. भिंतीपुढे उभा राहिला, कपाळाला हात लावलान आणि म्हणाला, "मॅडम, तोंडं दाबून धरलीत तुमी यांची!"

मला काही कळेना. त्याने पाना मागवला, एकेक पत्रा सोडवला, छताच्या कडीला दोऱ्या बांधून टांगला. खिशातून रबरी हातोडा काढला आणि मारला.

मावशी, कसं सांगू तुला? तो आवाज एका जागेवरून आलाच नाही. आधी खोल, जमिनीखालून आल्यासारखा. मग त्यातून दुसरा वर चढला, मग तिसरा, आणि तिघे मिळून खोलीभर फिरायला लागले. खिडकीच्या काचा थरथरल्या. चहा घेऊन आलेली बाई कपबशा हातात धरून तशीच उभी. त्याने दुसरा वाजवला आणि आमच्या संचालक बाई खुर्चीवर बसून चक्क रडायला लागल्या. धनेश म्हणतो, कंपनीत रात्रंदिवस लोखंड ओरडत असतं, ते ऐकून ऐकून वाटलं, ह्याला गाता पण येत असेल. "आनि गातंय का नाय? सांगा!"

सगळ्यांचं आवरल्यावर मी तुझं पत्र पुन्हा काढलं. तू त्याच्या शेडमध्ये बसली होतीस. त्याने तुझ्यासमोर सगळे वाजवले. शेजारी डोळे मिटून ऐकत होते. कोंबड्या पळाल्या. आणि तुझ्या पत्रात आवाजाबद्दल एक अक्षर नाही.

तू रुसलेली नाहीस. तुला ऐकू येत नाही. हो ना? कधीपासून गं?

दादाला काही बोलले नाहीये.

तनया


रोहा, ४ मार्च

तनया,

हो. नाही येत. झालं समाधान?

दोन वर्षं होत आली. आधी डावा कान गेला, उजव्यात थोडं होतं तोवर फोन निभावले, मग तोही गेला. आता भांडं पडलं तर तेवढं कळतं, तेही कधी कधी. ओठ बघून चालवते. बाजारात मी फक्त नेहमीच्याच माणसांकडे जाते, ती काय बोलणार ते पाठ आहे. फोन म्हणजे माझ्या हातात दगड. मेसेज लिहिले असते तर तुम्ही व्हिडिओ कॉल लावून तोंड दाखवा म्हणाला असता, पकडले गेले असते. म्हणून यंत्र आवडत नाही, पोस्टच बरं, असली सोंगं.

भीती कसली ते तुला माहीत आहे. ध्रुवला कळलं की दुसऱ्या दिवशी तो दारात. त्याचं चुकतं असं नाही म्हणत मी. पण तिथे मी सोफ्यावरची बहिरी आजी होईन. माझ्यासमोर सगळे बोलतील आणि माझ्याशी कोणी बोलणार नाही. ऐकू येत नाही म्हटलं की माणसं सांगायचंच सोडून देतात गं. "काही नाही, असंच," म्हणतात. त्या 'काही नाही'ला मी फार घाबरते.

आणि आता हे. त्या धनेशने माझ्यासमोर त्याचं सगळं गाणं मांडलं आणि मी बया मान डोलावत त्याला म्हटलं, छान घट्ट बसलेत हो जोड! वर तुला लिहिलं, भिंतीला आवळून टाक. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तेवढी सगळी माणसं जे ऐकत होती ते माझ्या हातभर अंतरावर होतं आणि मला नाही मिळालं. त्याचा राग येतो, आणि रडूही येतं.

माझा मजकूर भिंतीवरून काढून टाक. त्याची माफी माग माझ्या वतीने. आणि ध्रुवला सांगू नकोस. हात जोडते.

मावशी


पुणे, ११ मार्च

मावशी,

मजकूर काढणार नाही.

कारण सांगते. तू लिहिलेलं वाचून धनेश पत्र्याला नाक लावून उभा राहिला. जोडावरून बोट फिरवलं. पिवळा, तांबूस, जांभळा, मोरपिशी. मग मला म्हणाला, "हे माज्या हातचंच हाय? मी ऐकायच्याच नादात व्हतो, बघितलंच नाय कदी." बायकोला फोन लावून सांगत होता, शेडमधले पत्रे कोणी घासू नका, हात पण लावू नका! आता येणारी माणसं आधी ऐकतात, मग तुझं वाचतात, मग जवळ जातात, आणि तिथून हलत नाहीत. संध्याकाळी दिवे मालवताना मला हाकलावं लागतं त्यांना. तू चुकून असं काही पाहिलंस जे करणाऱ्यालाही दिसलं नव्हतं, आणि ह्याची मी माफी मागू?

पुतळीकाकूंच्या मिठाच्या बहिणीपुढे येणारी माणसं हलकेच चपला काढतात. आम्ही कोणी सांगितलेलं नाही. कमळाकरच्या हातांशी मुलं हात मिळवून जातात.

धनेशला तुझ्या कानांचं सांगितलं. रागावू नकोस, सांगायलाच हवं होतं. त्याने हातोडा खाली ठेवला. मग तुझा पत्ता मागितला.

दादाला मी सांगणार नाही. पण तूच सांग. लपवून ठेवलेलं घर किती दिवस तुझं राहील?

तनया


रोहा, २ एप्रिल

तनया,

सगळं एका दमात सांगते, मध्ये थांबले तर जमायचं नाही.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात सकाळी धनेश टेम्पो घेऊन दारात. प्रतिक्षाही होती बरोबर. त्याने मुखवटाबिखवटा काही न घालता, एकेक शब्द तोडून, मला सांगितलं, "बाई, तुमाला कानानं नाय, हाडानं ऐकवतो." मागच्या पडवीत आंब्याच्या जाड फळीचा बाक मांडला, आणि त्या फळीलाच माणसाएवढा पत्रा एका कडेने बोल्ट मारून घट्ट जोडला. मला त्यावर बसवलं. पाठ फळीला, तळवे फळीवर. आणि हातोडा मारला.

देवा रे!

आधी तळव्यांत मुंग्या आल्या. मग कण्यातून वर चढला, मणक्यामणक्यातून, छातीच्या फासळ्यांत भरला, दातांत आला. मी तोंड उघडलं तर जबड्यात होता. मोठा, खोल, आणि संपेचना. कानात काही नव्हतं, तिथे नेहमीचीच शांतता, पण बाकी सगळी मी वाजत होते! तो ओसरायला लागला की मला कळायचं, आता बारीक झाला, आता धाग्याएवढा, आता गेला. दोन वर्षांत मी एखादा आवाज असा शेवटपर्यंत ऐकला नव्हता. मी ढसाढसा रडले, तनया. प्रतिक्षाने माझा हात धरून ठेवला होता. "परत," मी म्हटलं. "परत." आणि परत. शेवटी शेजारच्या सरूताई दोन्ही कान झाकून कुंपणाशी आल्या, तोंडाने नुसता दंगा. तेव्हा समजलं की केवढा मोठा आहे तो! मला इतकं हसू लोटलं.

बाक आणि हातोडा माझ्याकडेच ठेवून धनेश गेला, तशी मी बसले आणि ध्रुवला पत्र लिहिलं. कान, दोन वर्षं, सोंगं, सगळं. आणि खाली लिहिलं, मी येणार नाही, पण तू ये.

तो पाडव्याच्या आदल्या दिवशी आला. पिशवी उघडताना आत नवंकोरं कुलूप दिसलं मला.  चहा दिला, मागच्या पडवीत नेलं, कानात कापसाचे बोळे घालायला लावले आणि बाकावर बसवलं. हातोडा मीच मारला.

डोळे मिटून होता बराच वेळ. पत्र्याचं थरथरणं थांबलं तरी तळवे उचलेना. मग कापूस काढून माझ्याकडे बघितलं. "आधी का नाही सांगितलंस, आई?"

"तू कुलूप घेऊन आलास म्हणून," मी म्हटलं.

लहानपणी मार बसला की व्हायचं तसं तोंड झालं त्याचं. मी त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, ध्रुव, मला नेऊ नकोस. इथे मी अजून बघते, काढते, लोकांकडे जाते. मला ऐकवायला एक माणूस डोलवीहून टेम्पो घेऊन येतो. तिथे कोण येईल?  दुसऱ्या दिवशी गुढी आम्ही दोघांनी उभारली. पनवेलच्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं आहे, मशीन लागलं तर लावू, मी हो म्हटलंय. दारावरच्या घंटीला दिवा बसवून घेतलाय त्याने, कोणी आलं की लागतो. कुलूप पिशवीतच राहिलं.

आज सकाळी निघाला. फाटकाबाहेर रिक्षा उभी होती. तो चढला, मग काय वाटलं कोणास ठाऊक, उतरून परत आत आला. तोवर मी तुळशीकडे वळून पाठमोरी झाले होते. समोर येऊन उभा राहिला, मी मान वर करेपर्यंत थांबला, आणि अगदी सावकाश म्हणाला, "येतो, आई."

मी म्हटलं, ये.

मावशी